स्वप्नातील सराव

मुलांनो, दिवसभर क्रिकेट खेळल्यावर रात्री स्वप्नातही चेंडू दिसतो, असा अनुभव तुम्हांला आला असेल. नवी सायकल शिकणारा मुलगा झोपेत पडल्याचा भास होऊन दचकून जागा होतो. घरातील मंडळी त्याला हसतात. उर्दूत आपण ज्याला 'ख्वाब' म्हणतो, त्या स्वप्नाचा शिकण्याशी काही संबंध आहे का?

मल्लखांब हा महाराष्ट्राचा जुना व्यायामप्रकार आहे. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात हैदराबादच्या निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले. त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. बाळंभट देवधर या तरुणाने ते स्वीकारले. पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. तो वणीच्या सप्तशृंगी गडावर गेला. ही वणी नाशिक जिल्ह्यातील. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी वेगळी. गडावर त्याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि वानराच्या रूपात आलेल्या मारुतीने लाकडी खांबावर कुस्तीचे डाव दाखवले, असे म्हणतात. पुढे त्याने गुलाबला हरवले. हाच मल्लखांब आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनमध्ये जगाला दाखवला.

ही झाली आख्यायिका. आता विज्ञान काय सांगते ते पाहू.

1953 साली शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना आढळले, की झोपेत काही वेळ आपले डोळे पापण्यांखाली भराभर हलतात. ठळक स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. तेव्हा मेंदू जागा असल्यासारखा काम करतो. पण हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात. म्हणूनच स्वप्नात धावलो, तरी आपण बिछान्यातच राहतो.

2000 साली अमेरिकेत काही लोकांना संगणकावर 'टेट्रिस' हा खेळ खेळायला दिला. झोप लागताना अनेकांना वरून पडणारे तुकडे दिसू लागले. स्मरणशक्ती गमावलेल्या काही रुग्णांना आपण खेळलो हेही आठवत नव्हते. तरी त्यांनाही ते तुकडे दिसले! म्हणजे दिवसाचा सराव मेंदू झोपेत पुन्हा उजळत असतो.

2002 साली हार्वर्ड विद्यापीठात मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ठरावीक क्रमाने बोटांनी कळा दाबायला शिकवले. रात्रीच्या झोपेनंतर त्यांचा वेग सुमारे 20 टक्के वाढला. दिवसभर नुसते जागे राहिल्याने तसा वेग वाढला नाही.

मग सराव न करता झोपून राहिले तर चालेल का? मुळीच नाही. 2012 साली जर्मनीतील संशोधकांनी लहान मुलांना बटणे दाबण्याचा असाच खेळ शिकवला. ज्यांचा सराव अगदी थोडा होता, त्यांना झोपेचा विशेष लाभ झाला नाही. ज्यांनी जास्त सराव केला होता, त्यांना तो झाला. बियाणे पेरलेच नाही, तर पाऊस पडून काय उगवणार? बाळंभटांनाही स्वप्नानंतर खांबावर घाम गाळावाच लागला असेल!

म्हणून मुलांनो, पहिल्या दिवशी सायकल आली नाही, पोहता आले नाही, तर 'मला जमतच नाही' असे म्हणून सोडून देऊ नका. मन लावून सराव करा. स्पर्धेच्या आदल्या रात्री जागरण करू नका. तुमच्या वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप हवी. काल न जमलेली गोष्ट उद्या सकाळी पुन्हा करून पाहा.

स्वाध्याय

1. बाळंभट देवधर सप्तशृंगी गडावर का गेले?
2. स्वप्नात धावलो, तरी आपण बिछान्यातच का राहतो?
3. 'बियाणे पेरलेच नाही, तर पाऊस पडून काय उगवणार?' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.