मदत पोहोचली, पण उपयोग झाला का?

दान सत्पात्री असावे, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घेणारा खरोखर गरजू आहे का, हे पाहूनच द्यायचे, ही आपल्या घराघरांतली रीत आहे. पण दिल्यानंतर पुढे काय झाले, हे विचारण्याची रीत मात्र फारशी नाही. तसे विचारणे अनेकांना कद्रूपणाचे वाटते. एकदा दिले की मागे वळून पाहू नये, असेही म्हटले जाते.

आपल्या मंडळाच्या शिक्षण मदतनिधीत सभासद कुटुंबे दरवर्षी यथाशक्ती भर घालतात. रक्कम मर्यादित असते आणि मागण्या पुष्कळ असतात. म्हणूनच एक प्रश्न सर्व सभासदांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटले: त्याच शंभर रुपयांत जास्तीत जास्त भले कसे होईल, हे कळण्याचा काही मार्ग आहे का? हा प्रश्न अर्धा विज्ञानाचा आहे आणि अर्धा नीतीचा. त्याचा एक मोठा धडा ज्या शहरात गिरवला गेला, ते शहर आपले बडोदेच आहे.

आधी अमरेली, मग सारे राज्य

सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. महाराजांनी ही योजना एका फटक्यात साऱ्या राज्यात लागू केली नाही. १८९३ मध्ये ती प्रयोग म्हणून अमरेली भागात सुरू झाली आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात लागू झाली. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा अनुभव त्यांच्या हाताशी होता.

आधी थोडक्यात करून पाहायचे आणि मग मोठ्या प्रमाणावर करायचे, ही दृष्टी आज जगभर वापरली जाते. फरक इतकाच, की आता त्याला तुलनेची जोड मिळाली आहे. एखाद्या योजनेनंतर मुले पुढे गेली, एवढ्यावरून ती योजनेमुळेच पुढे गेली असे म्हणता येत नाही. मुले एरवीही वर्षभरात थोडीफार शिकतातच. म्हणून सारख्या परिस्थितीतल्या शाळा किंवा गावे घ्यायची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी करायची, एका गटात योजना राबवायची आणि मग दोन्ही गट ताडून पाहायचे. औषधांच्या चाचण्यांत ही पद्धत जुनीच आहे. गरिबी आणि शिक्षणाच्या प्रश्नांना ती लावल्याबद्दल २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले. बॅनर्जींच्या आई निर्मलाताई या माहेरच्या पाटणकर.

पुस्तके दिली, पण कोणाला उपयोगी पडली?

क्रेमर यांचे सुरुवातीचे काम केनियाच्या पश्चिम भागातले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत पाठ्यपुस्तकांचा मोठा तुटवडा होता. पुस्तके दिली की मुले शिकतील, असे कोणालाही वाटेल. काही शाळांना पुस्तके दिली गेली आणि त्यांची तुलना इतर शाळांशी झाली. सरासरी गुणांत फरक पडलाच नाही. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्या मुलांना. कारण शोधल्यावर सापडले ते साधेच होते. पुस्तके इंग्रजीत होती आणि तिथल्या बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना समोरचे पुस्तक वाचताच येत नव्हते.

मातृभाषेतल्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. पण पुस्तके वाटणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हिशेब चोख होता, पुस्तके शाळेत पोहोचलीही होती. तुलना केली नसती, तर ही मदत कुठे अडली ते कोणाला कळलेच नसते.

बडोद्याच्या शाळा आणि बालसखी

आता आपल्या शहराकडे येऊ. मुंबईत १९९० च्या दशकात माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केलेली ‘प्रथम’ ही संस्था बडोद्यातही काम करत होती. २००१ ते २००३ या दोन वर्षांत महानगरपालिकेच्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळांत तिच्या ‘बालसखी’ योजनेची पारख झाली. सुरुवातीच्या चाचणीत दिसलेले चित्र काळजीचे होते. तिसरीतल्या सुमारे पाचातल्या एकाच मुलाला पहिलीचे गणित, म्हणजे अंक ओळखणे, मोजणे, एक अंकी बेरीज-वजाबाकी, नीट येत होते.

बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली शालेय शिक्षण झालेली एखादी तरुणी. वर्गात मागे पडलेली वीसेक मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि पहिली-दुसरीत जे राहून गेले ते शिकवायची. तिला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन मिळे.

इथे नीतीचा पहिला प्रश्न उभा राहतो. तुलना करायची तर काही मुलांना बालसखी द्यायची आणि काहींना नाही. मग ज्यांना दिली नाही, त्यांच्यावर अन्याय नाही का? ही शंका रास्त आहे. बडोद्यात त्यावर शोधलेला तोडगा मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली आणि उरलेल्या निम्म्या शाळांना चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल केली. एकही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. तरीही तुलना शक्य झाली, कारण एका गटाची तिसरी दुसऱ्या गटाच्या तिसरीशी ताडून पाहता येत होती.

दुसऱ्या वर्षाअखेर दिसलेला फरक सोप्या शब्दांत असा: शंभरांत पन्नासाव्या क्रमांकावर असलेले मूल साधारण दहा मुलांना मागे टाकील, इतका. फायदा मुख्यतः मागे पडलेल्या, बालसखीकडे गेलेल्या मुलांना झाला. ती मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता, पण त्या वर्गात राहिलेल्यांच्या गुणांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी होऊन भागले नाही. मुलाला जिथून येत नाही तिथून शिकवणे, हे खरे कारण ठरले.

त्याच काळात बडोद्यातल्या चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ ठेवून पाहिले गेले. गणितापुरता त्यांचा परिणाम बालसखीपेक्षाही मोठा होता. पण बालसखीचा खर्च वर्षाला दर मुलामागे शंभर रुपयांच्या आसपास आणि संगणकाचा सातशेच्या वर. दोन्ही उपाय लागू पडले, तरी तेवढ्याच पैशांत बालसखी कितीतरी अधिक मुलांपर्यंत पोहोचते.

या यशाची मर्यादाही सांगायला हवी. योजना संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा कमावलेले बरेचसे ओसरले होते. पुढे बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना याच पद्धतीचे साहित्य आणि प्रशिक्षण दिले, पण रोजच्या शाळेत त्याचा परिणाम दिसला नाही. उन्हाळी शिबिरात याच कामासाठी राखून वेळ दिला, तेव्हा तो दिसला. एका गावचे औषध दुसऱ्या गावी लागू पडेलच असे नाही. तिथे पुन्हा पाहावे लागते.

गडचिरोली: प्रश्न जिवाचा

गुणांचा प्रश्न एक वेळ सोपा. प्रश्न जिवाचा असला की कसोटी लागते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले आणि ‘सर्च’ या संस्थेतर्फे काम करू लागले. त्या भागात बहुतेक बाळंतपणे घरीच होत. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यांच्या कामाच्या ३९ गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. दवाखाना दूर आणि बाळंतिणीला बाहेर न नेण्याची रूढी. म्हणून त्यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना तयार केले. या आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळाचे वजन करायचे, त्याला ऊब द्यायची, श्वास अडला तर मदत करायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे.

पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यावे का? डॉक्टर नसलेल्याच्या हाती सुई देणे धोक्याचे, हे म्हणणे खोटे नाही. पण त्या गावांत आरोग्यदूताऐवजी डॉक्टर मिळणार नव्हता. तिच्याऐवजी कोणीच येणार नव्हते. वादाने हा प्रश्न सुटला नसता. म्हणून ३९ गावांत ही सेवा सुरू झाली आणि सरकारी सेवा नेहमीसारख्या चालू असलेल्या शेजारच्या ४७ गावांशी त्यांची तुलना झाली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, सेवेच्या गावांतला मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. तुलनेच्या गावांत तो हजारी ६० च्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

हा तुलनेच्या गावांचा आकडा वाचताना मन थबकते. तीही कोणाची तरी बाळे होती. त्याचे समाधान होईल असे उत्तर आमच्यापाशी नाही. एवढे मात्र म्हणता येते, की या गावांतली कोणतीही चालू सेवा काढून घेतली नव्हती, आणि नवी सेवा सुरक्षित आहे की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तो पुरावा हाती नसता, तर गावातल्या बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची कल्पना सरकारने मान्य केली असती, असे वाटत नाही. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी ज्या घरभेटी देतात, त्यामागे गडचिरोलीचे हे काम आहे. असे प्रयोग करणाऱ्यावर त्यातून एक बंधन येते: उपाय सिद्ध झाला की तो शक्य तितक्या लवकर सगळ्यांपर्यंत पोहोचवायचा.

आकडे जिथे थांबतात

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांतही असाच एक प्रयोग झाला. तिथे नेमाने लसीकरण शिबिरे भरवली, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण १८ टक्के झाले. शिबिरे नसलेल्या गावांत ते ६ टक्के होते. काही गावांत प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. तिथे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. डाळीचा खर्च धरूनही दर मुलामागचा खर्च उतरला, कारण परिचारिकेचा पगार तोच आणि शिबिरात येणारी मुले मात्र दुपटीहून अधिक.

आता ही डाळ म्हणजे लाच की मदत? मजुरी बुडवून मैलभर चालत आलेल्या आईला दिलेली ती भरपाई आहे, असे आम्हाला वाटते. कोणाला वेगळेही वाटेल. डाळीने मुले येतात की नाही, एवढे आकडे सांगतील. डाळ देणे योग्य की अयोग्य, ते आपल्यालाच ठरवावे लागते. एका बाळाचा जीव आणि शंभर मुलांचे वाचन, यांत आधी काय? आपल्या गल्लीतला विद्यार्थी की दूरच्या तालुक्यातला, ज्याचे नावही आपण ऐकलेले नाही? या प्रश्नांना तराजू नाही. पण कोणता पर्याय किती फळ देतो हे ठाऊक असले, की आपण काय निवडतो आणि काय सोडतो हे उघड्या डोळ्यांनी कळते.

प्रत्येक गोष्ट अशी मोजावी, असेही आमचे म्हणणे नाही. मंडळाचे ग्रंथालय, नाट्यस्पर्धा, गणेशोत्सव आपण आपल्या आनंदासाठी आणि भाषेच्या ओढीने चालवतो. तिथे हा हिशेब लावायचे कारण नाही. दुसऱ्याच्या अडचणीसाठी म्हणून जो पैसा गोळा होतो, त्याच्याबाबतीत मात्र तो लावायलाच हवा, कारण तो पैसा ज्याच्या नावाने घेतला त्याचा आहे.

मदतनिधीपुढचे चार प्रश्न

आपल्या एवढ्याशा निधीसाठी कोणी शास्त्रज्ञ बोलावण्याची गरज नाही. मदतीचा कोणताही प्रस्ताव आला की चार प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे.

१. नक्की अडचण कोणती? मुलाकडे पुस्तक नाही, की असलेले पुस्तक त्याला वाचता येत नाही?

२. हा उपाय आधी कुठे करून पाहिला आहे का, आणि तिथे काय दिसले?

३. याच रकमेत दुसऱ्या मार्गाने अधिक मुलांना फायदा होईल का?

४. वर्षअखेर काय पाहिले म्हणजे उपयोग झाला असे आपण मानू? हे पैसे देण्याआधी लिहून ठेवावे.

चौथा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड. जूनमध्ये मुलाला एक परिच्छेद वाचायला द्यावा आणि मार्चमध्ये पुन्हा द्यावा, एवढेही पुष्कळ आहे. तुलनेच्या शास्त्रात ते बसणार नाही, पण काहीच न पाहण्यापेक्षा बरे.

आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका बऱ्याच आहेत. आठवड्यातून दोन तास एखाद्या शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचन शिकवायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी कार्यकारिणीला जरूर कळवावे. वह्यांच्या गठ्ठ्याइतके हे काम छायाचित्रात उठून दिसणार नाही. पण त्याचा गुण येतो, हे याच शहरातल्या मुलांनी वीस वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.