अजगरापलीकडचे छायाचित्रकार

टफ बुटांची ती जाहिरात आठवते? १९९५ सालची. अंगावर कपडे नाहीत, पायांत बूट, दोघांभोवती अजगर. आणि नावे कोणाची, तर मिलिंद सोमण आणि मधु सप्रे! केवढा गहजब झाला तेव्हा. मुंबईत खटला उभा राहिला, तो १४ वर्षे रेंगाळला आणि २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मॉडेल्सची नावे पोरासोरांना पाठ झाली. कॅमेऱ्यामागे कोण होते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

ते होते प्रबुद्ध दासगुप्ता. जन्म कोलकात्याचा, १९५६ चा. वडील प्रदोष दासगुप्ता हे नामवंत शिल्पकार आणि दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टचे संचालक. त्यामुळे मुलाचे बालपण चित्रे-शिल्पांच्या सहवासात गेले. प्रबुद्ध इतिहास शिकले, जाहिरातींचा मजकूर लिहू लागले आणि कॅमेरा हाती धरायला स्वतःच शिकले. फॅशनच्या दुनियेत त्यांचे नाव झाले. १९९६ मध्ये ‘विमेन’ हे शहरी भारतीय स्त्रियांच्या छायाचित्रांचे पुस्तक आले. त्यात नग्नचित्रेही असल्याने पुन्हा वाद झाला.

त्यांचे काम तेवढ्यावरच जोखले, तर मोठा अन्याय होईल. याच माणसाने लडाखचे उजाड डोंगर टिपले. पुढे गोव्यातल्या कॅथलिक घरांत जाऊन कृष्णधवल छायाचित्रे काढली. ‘एज ऑफ फेथ’ हे ते पुस्तक २००९ चे. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळाच्या खुणा बाळगणारी घरे आणि माणसे मागे राहिली. ती इथे भेटतात. मला तर त्यांच्या सगळ्या फॅशनपेक्षा हे पुस्तक थोर वाटते. मात्र फॅशनमध्ये मुरलेली नजर नसती, तर ते झालेच नसते. खिडकीतून येणारा उजेड चेहऱ्यावर कुठवर येऊ द्यायचा, कुठे अडवायचा, ही जाण त्या कामातूनच पक्की होते.

ही चित्रे पाहताना आपल्याकडची घरे डोळ्यांपुढे येतात. रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही जुन्या घरात जा. भिंतीवर पणजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो असतो: हाती काठी, मागे रंगवलेला पडदा. पणजोबा दिसतात, त्यांचे घर दिसत नाही. आता मुलगा मुंबईला, नातू आणखी पुढे. दाराचे कुलूप निघते ते गणपतीत आणि शिमग्याला. तेव्हा डझनभर मोबाइल हजर असतात, पण फोटो निघतात मखराचे आणि मोदकांच्या ताटाचे. उरलेले दिवस घर राखणाऱ्या म्हातारीकडे, ती बसते त्या ओटीवरच्या उजेडात, घटकाभर थांबून कोण पाहतो?

दासगुप्तांनी गोव्यात ते पाहिले. फॅशनचे काम मात्र सोडले नाही. दोन्ही शेवटपर्यंत चालू राहिले. १२ ऑगस्ट २०१२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले, तेव्हा अवघे ५५ वर्षांचे होते. गेले तेही आपल्या कोकणातच. अलिबागला ते आले होते एका फॅशनच्या शूटिंगसाठी.