नगरपालिकांचा परस्परविमा

फुटक्या पदपथावर कोणी पडून जायबंदी झाला, तर भरपाई नगरपालिकेनें, म्हणजे पर्यायानें करदात्यांनीं, द्यावयाची. १९८५-८६ च्या सुमारास उत्तर अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं या जोखमीचे हप्ते भरमसाट वाढविले. कित्येकींनीं तर विमा देण्याचेंच नाकारलें. तेव्हां कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतल्या नगरपालिकांनीं १९८७ सालीं आपसांत परस्परविम्याचा संघ स्थापिला. अशा संघांत नफा मागणारे भागधारक नसतात. विमा घेणारा तोच देणारा. सर्वांच्या हप्त्यांतून एक निधि उभा राहतो. शिल्लक उरली तर ती सभासदांचीच. पण तूट आल्यास त्यांच्याकडून जादा वर्गणी मागतां येते, आणि खरी कसोटी तेथेंच. त्यामुळें शेजारच्या गांवच्या फुटक्या पदपथाचीहि काळजी प्रत्येकीस वाटूं लागते. फार मोठ्या दाव्यांपुरता मात्र संघासहि बाहेरून पुनर्विमा घ्यावा लागतो.