उपाहारगृहातील बालताट आणि शाळेतील खिचडी

मुंबईतील वडाळा येथे विठ्ठलाचे जुने मंदिर असून आषाढी एकादशीस तेथे भाविकांची मोठी रीघ लागते. तेथून जवळच, माटुंग्यास, उडुपी पद्धतीची उपाहारगृहे आहेत; वडा-पाव व पाव-भाजी तर त्या भागात पावलोपावली मिळते. अलीकडे शहरातील मोठ्या उपाहारगृहांतून मुलांसाठी निराळे पदार्थपत्रक ठेवण्याची प्रथा पडली आहे. सहलीनिमित्त अथवा पालकांसमवेत शहरात जाणाऱ्या ग्रामीण मुलांपुढेही हे पत्रक येते. त्यातील अन्नाचे पोषणमूल्य कसे पारखावे, हे शिक्षकास ठाऊक असणे इष्ट होय.

पारखण्याचे माप शाळेतच उपलब्ध आहे. 1995 साली सुरू झालेल्या माध्यान्ह भोजन योजनेनुसार इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलास एका जेवणात 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी व 5 ग्रॅम तेल द्यावयाचे असते. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. सात ते नऊ वर्षांच्या बालकास दिवसाकाठी सुमारे 23 ग्रॅम प्रथिनांची गरज असते. म्हणजे जवळजवळ निम्मी गरज हे एकच जेवण भागविते.

आता बालताटाकडे पाहू. त्यात बहुधा तळलेले बटाटे, मैद्याचे नूडल्स किंवा पिझ्झा आणि शीतपेय असते. उष्मांक भरपूर असतात. परंतु डाळ, हिरवी भाजी व फळ यांचा अभाव असतो. गोड शीतपेयाच्या 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 10 ग्रॅम साखर असते. 300 मिलिलिटरच्या पेल्यातून सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर पोटात जाते. वरून घातलेल्या साखरेचे उष्मांक एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पाच टक्क्यांहून कमी असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसास 1,700 उष्मांक लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सुमारे 21 ग्रॅम साखर. एका पेल्यातच ही मर्यादा ओलांडली जाते.

दहा वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थापुढे उष्मांक छापावेत, असा नियम 2020 साली करण्यात आला. मात्र तेथे दिलेला 2,000 उष्मांकांचा संदर्भ प्रौढ व्यक्तीचा असतो, बालकाचा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

याचा अर्थ उपाहारगृह सर्वथा वर्ज्य करावे असा नाही. इडलीत तांदूळ व उडदाची डाळ एकत्र येतात; एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते. जोडीस सांबार घेतल्यास तुरीची डाळ व भाज्याही मिळतात. हे अन्न वाफवलेले असल्याने तेलही बेताचे लागते.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

1. सहलीपूर्वी भोजनाचे पदार्थ ठरवून घ्यावेत; शीतपेयाऐवजी पाणी, ताक किंवा दूध निवडावे.

2. "यात डाळ कोठे आहे? भाजी कोठे आहे? किती तळलेले आहे? किती गोड आहे?" हे चार प्रश्न फळ्यावर लिहून मुलांकडून उत्तरे काढून घ्यावीत.

3. पालकसभेत हाच हिशेब मांडावा. मात्र कोणाच्याही खाण्याची चेष्टा होऊ देऊ नये.

शहरातील चकचकीत ताट श्रीमंतीचे आणि शाळेतील खिचडी गरिबीची, असा समज मुलांच्या मनात रुजला, तर ती पुढ्यातील सकस अन्न टाकून देऊ लागतील. अन्नाची किंमत त्याच्या दरावर नसून त्यातून शरीरास काय मिळते यावर ठरते, हे आकड्यांनिशी पटवून देणे हे शिक्षकाच्या हाती आहे. मात्र त्यासाठी शाळेतील खिचडीतही डाळ व भाजी ठरल्या मापाने पडली पाहिजे. नाहीतर शिक्षकाचा हिशेब मुलांना खरा वाटणार नाही.