बालकाची दृष्टी आणि पहिले बेचाळीस दिवस

महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांवर पावसाळ्यात भर दिवसाही घरात अंधारून येते. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम अंधारी ठेवण्याचा प्रघात जुनाच आहे. अशा खोलीमुळे बाळाची दृष्टी अधू होईल काय, ही शंका स्वाभाविक असली तरी तिचे उत्तर नकारार्थी आहे. दारातून वा दिव्यातून येणारा मंद उजेड बाळाला पुरेसा असतो. खरा धोका असतो तो डोळ्याच्या आतच प्रकाश अडल्याचा.

दृष्टी मेंदूत घडते

डोळा हे केवळ प्रवेशद्वार होय. नेत्रपटलावर उमटलेल्या प्रतिमेचे संदेश मेंदूच्या मागील भागात पोहोचतात आणि तेथे त्यांचा अर्थ लागतो. जन्मतः या भागाची जडणघडण अपुरी असते. दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट प्रतिमा येत राहिल्या तरच ती पूर्ण होते. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. पिल्लाचा एक डोळा बंद ठेवून काही काळाने उघडला असता, मेंदूतील बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. पूर्ण वाढ झालेल्या मांजरात मात्र असा परिणाम आढळला नाही. या शास्त्रज्ञांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्मजात मोतीबिंदू

मानवी बालकात हीच आपत्ती जन्मजात मोतीबिंदूमुळे ओढवते. डोळ्यातील भिंग गढूळ असल्याने उजेड कळला तरी आकृती उमटत नाही. आनुवंशिकता आणि गरोदरपणी आईला झालेला रुबेला ही त्याची काही कारणे होत. रुबेलाला प्रतिबंध करणारी लस उपलब्ध असून, राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली.

वृद्धाची शस्त्रक्रिया काही महिने लांबली तरी गेलेली दृष्टी बहुधा परत मिळते. बालकाचे तसे नाही. दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असल्यास सुमारे सहा, तर दोन्ही डोळ्यांत असल्यास आठ ते दहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया होणे इष्ट असते. त्यानंतरही चष्मा आणि आवश्यकतेनुसार चांगल्या डोळ्यावर पट्टी, असे उपचार काही वर्षे चालू ठेवावे लागतात.

उशीर झाला म्हणून उपचार व्यर्थ ठरतात, असे मात्र नाही. डॉ. पवन सिन्हा यांच्या दिल्लीतील ‘प्रकाश’ प्रकल्पात मोठ्या मुलांवरही शस्त्रक्रिया झाल्या. हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे या मुलांना आरंभी जमले नाही, परंतु काही दिवसांतच ते साधू लागले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. उपयुक्त दृष्टी मिळते; सूक्ष्म दृष्टीत मात्र उणीव राहते.

गावपातळीवरील कर्तव्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला. त्यात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. तथापि तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. तोवर मोलाचे आठवडे निघून जाऊ शकतात. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी मात्र बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे नेमक्या सहा आठवड्यांपर्यंत चालतात. दीड महिन्याची लसही याच सुमारास दिली जाते. म्हणून या भेटींत बाळाचे डोळे आवर्जून पाहिले जावेत. बाहुलीत पांढुरकी झाक, डोळ्यांची सतत थरथर, किंवा दोन महिने उलटूनही आईच्या चेहऱ्यावर नजर न ठरणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय न करता बालकास तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. पांढुरकी झाक अन्य गंभीर विकाराचीही खूण असू शकते.

माहेरी झालेले बाळंतपण, नंतर मुंबईकडे प्रयाण आणि पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडणारे रस्ते, यांमुळे एखादे बालक नजरेतून सुटणे शक्य आहे. माहेरी आलेल्या बाळंतिणीची माहिती आशा कार्यकर्तीस वेळेवर कळविणे आणि संशयित बालकास रुग्णालयात नेण्यासाठी वाहनाची सोय करणे, एवढे पंचायत सदस्यांना सहज करता येईल. शिक्षकांनी शाळेतील मुलांच्या पालकांकडे घरातील तान्ह्या बाळाच्या डोळ्यांविषयी चौकशी करावी. यास खर्च थोडा लागतो. मात्र ते वेळेत झाले पाहिजे.