घसा बरा झाला, झडपेचे काय?

आपले हृदय मिनिटाला साधारण ७० ते ७५ वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्यातील चार झडपा उघडतात आणि मिटतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘लब-डब’ हा या झडपा मिटण्याचाच आवाज असतो.

या झडपा बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा घशातून होते. बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलांत काही वेळा ती स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे होते. अचानक ताप, गिळताना तीव्र वेदना, सुजलेले टॉन्सिल, गळ्याला दुखऱ्या गाठी, पण सर्दी-खोकला नाही, ही त्याची सर्वसाधारण ओळख. लहान घरात दाटीवाटीने राहणाऱ्यांत त्याचा प्रसार लवकर होतो. अशा वेळी डॉक्टरांनी पेनिसिलिन गटातील गोळ्या १० दिवसांसाठी दिल्या, तर त्या पूर्ण घ्यायला हव्यात. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात, ही नेहमीची चूक.

या जिवाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर हल्ला करतात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा मनगट. हाच संधिज्वर. ‘मूल वाढीला लागले आहे, पाय दुखणारच’ असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. सांधे पूर्ण बरेही होतात. झडपेला आलेली सूज मात्र व्रण ठेवून जाऊ शकते.

सर्वाधिक फटका बसतो तो हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते. व्रणांमुळे ते आकसत दीड चौरस सेंटीमीटरच्या खाली गेले, की रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांवर दाब येतो. हे सारे अनेक वर्षे मुकाट्याने चालते. कित्येक स्त्रियांना पहिल्यांदा दम लागतो तो गरोदरपणात, कारण तेव्हा शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. काहींच्या हृदयात गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि ऐन तरुणपणी पक्षाघात होतो.

संधिज्वर एकदा झाला, की पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो आणि प्रत्येक नवा झटका झडपेचे नुकसान वाढवतो. म्हणून पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यावे लागते. झडप बिघडली असेल तर ते अनेक वर्षे, कधी आयुष्यभरही चालते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टर दुसऱ्या गोळ्या देतात.

खरी अडचण इथेच आहे. मूल खेळते, शाळेत जाते, काहीच दुखत नाही. मग हे दुखरे इंजेक्शन कशाला, असे घरच्यांना वाटते. परीक्षा, लग्न, ऊसतोडीसाठी स्थलांतर, काही ना काही कारणाने एक तारीख चुकते, मग दुसरी. पण हे इंजेक्शन आजच्या दुखण्यासाठी नसते; ते पुढच्या झटक्यापासून झडप वाचवण्यासाठी असते. आकसलेली झडप फुग्याने रुंद करता येते, बदलताही येते. मात्र धातूची झडप बसवली, की रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आणि वारंवार रक्ततपासणी जन्मभर मागे लागते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतील तपासणीत हा आजारही पाहिला जातो. तिथल्या डॉक्टरांनी ‘हृदयात आवाज येतो’ असे सांगून चिठ्ठी दिली, तर टूडी इको करून घ्यावा. आणि इंजेक्शन सुरू असेल, तर पुढची तारीख घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी. गावाबाहेर जायचे झाल्यास कागद सोबत न्यावेत. म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यातही ते पुढे चालू ठेवता येईल.