पोवाड्यात न मावलेला सैनिक

जालना जिल्ह्यातलं असई गाव इतिहासाच्या पुस्तकात एका लढाईपुरतं येतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीचं इंग्रजी सैन्य भिडलं. इंग्रज जिंकले, पण त्यांची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या रात्री वेलस्ली एका शेतकऱ्याच्या वाड्याच्या आवारात झोपला. जाग आली की आपले सगळे मित्र गेले, हाच विचार पुन्हा पुन्हा मनात येई, असं त्यानेच पुढे सांगून ठेवलं आहे. जिंकलेल्या सेनापतीची रात्र अशी नोंदली गेली. जीव वाचवून घरी पोचलेल्या शिंद्यांच्या शिपायाला झोप लागत होती का, हे कुणी विचारलं नाही.

लढाईनंतर मनात राहणाऱ्या या दुखण्याला वैद्यकशास्त्रात आजचं नाव मिळायला १९८० साल उजाडलं. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या विकारांच्या यादीत ‘पीटीएसडी’चा, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक तणावाच्या विकाराचा, समावेश केला. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बने छाती धडधडणं, रात्री दचकून उठणं, चारचौघांत बसूनही कुणाशी बोलावंसं न वाटणं, ही त्याची लक्षणं. आपल्याकडे घरचे एवढंच म्हणतात, ‘फौजेतून आल्यापासून गप्प गप्पच असतो.’

या गप्प बसण्यावर अमेरिकेत गाण्याची वाट सापडली. गीतकार डार्डन स्मिथ यांनी २०१२ मध्ये ‘साँगरायटिंग विथ सोल्जर्स’ ही संस्था सुरू केली. शनिवार-रविवारच्या शिबिरात माजी सैनिक आणि व्यावसायिक गीतकार एकत्र बसतात. सैनिक बोलतो, गीतकार ऐकतो आणि त्याच्याच तोंडची वाक्यं टिपून घेतो. त्यातलं एखादं वाक्य ध्रुवपद होतं. गीतकार चाल धरून म्हणून दाखवतो. सैनिक म्हणतो, ‘नाही, असं नव्हतं’, आणि ओळ बदलते. मला या पद्धतीतली हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. जे आजवर त्याच्यावर नुसतं कोसळत होतं, त्यातला शब्द न् शब्द आता तो ठरवतो. मेरी गॉशे या गायिकेने सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसोबत रचलेल्या गाण्यांचा ‘रायफल्स अँड रोझरी बीड्स’ हा अल्बम २०१८ मध्ये आला आणि ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचला.

आपल्याकडे सैनिकाचं गाणं म्हणजे पोवाडा. अफझलखान वधाचा अज्ञानदासाचा, सिंहगडाचा तुळशीदासाचा. डफ कडाडतो, झीलकरी ‘जी जी रं’ उचलतात आणि अंगावर काटा येतो. पण पोवाड्याला शूर लागतो. घाबरलेला, मित्राला मागे सोडून आल्याची टोचणी लागलेला शिपाई त्यात मावत नाही. पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ घेऊन तो घरी जातो, तेव्हा त्याच्याबद्दल बोललेलं असतं. तो स्वतः बोललेला नसतो.

आपलं दुःख आपणच बोलण्याची सोय आपल्या बायकांनी मात्र शतकानुशतके करून ठेवली आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकीने ओवी धरायची, दुसरीने पुढे न्यायची. सासुरवास, मेलेलं लेकरू, माहेरची आस, सगळं पिठाबरोबर बाहेर पडायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सोबतीने रचून दुःख हलकं करण्याची ही रीत मराठवाड्यातल्या घराघरांत होती. ती पुरुषांपर्यंत, त्यातही फौजीपर्यंत, पोचली नाही.

जालना हा समर्थ रामदासांच्या जांबचा जिल्हा. इथे हार्मोनियम, पखवाज, टाळ आणि ऐकणारी माणसं गावोगाव आहेत. निवृत्त फौजीही आहेत. जवान अनेकदा चाळिशीच्या आतच पेन्शनीत येतो, म्हणजे अर्धं आयुष्य अजून समोर असतं. कमी आहे ती न घाई करता त्याचं ऐकून घेणाऱ्या शाहिराची. गाणं हा औषधाला पर्याय नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर डॉक्टर हवाच, आणि ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. जिल्ह्यातल्या शाहिरांना, भजनी मंडळांना विनंती एवढीच, की त्या दिवशी निधी तर द्याच, पण गावातल्या एका फौजीच्या ओसरीवर वही-पेन घेऊन जा. पोवाडा ऐकवू नका. त्याला बोलू द्या, आणि ओळ चुकली असं तो म्हणाला तर खोडा.